बोलण्यातल्या शब्दांवरून खोटं ओळखता येतं का? (गोदामातल्या तुटीची प्राथमिक चौकशी)

प्रश्न : साठा_रजिस्टर

खते-कीटकनाशकांच्या गोदामात सहामाही मोजणी झाली. टॅलीत (हिशेबाच्या संगणक प्रणालीत) दिसणारा साठा आणि थप्पीवरचा साठा यांत कीटकनाशकाच्या ४१ पेट्यांचा फरक निघाला. चावीपर्यंत पोच असलेली माणसं १४: गोदामपाल, दोन कारकून, पहारेकरी, चालक आणि कायमचे हमाल. पोलिसांत तक्रार देण्याआधी प्राथमिक चौकशी करायची आहे आणि ती माझ्याकडे आली आहे.

व्यवस्थापनाने एका प्रशिक्षकाकडून दोन तासांचं सत्र करून घेतलं. त्यांनी दिलेल्या यादीचा सारांश असा. खोटं बोलणारा माणूस ‘मी’ टाळतो. ‘खरं सांगायचं तर’ म्हणतो. सरळ ‘मी केलं नाही’ न म्हणता उलट प्रश्न विचारतो. काळ बदलतो. बोलताना स्वतःलाच दुरुस्त करतो. ‘आठवत नाही’ म्हणतो. कर्मणी रचना वापरतो. प्रत्येक खुणेला एक गुण, आणि पाचच्या वर गुण गेले की संशयित.

माझे प्रश्न तीन. या यादीला काही आधार आहे का? यादी उघडच इंग्रजीवरून उचललेली आहे, ती मराठीत चालेल का? आणि नाही चालत, तर १४ जणांशी बोलायचं कसं?

उत्तर १ : भाषा_आणि_न्याय

गुण देण्याचा भाग आजच फाडून टाका. कारण साध्या गणितात आहे. १४ जणांपैकी दोघे दोषी आहेत असं धरा. तुमची यादी ७० टक्के वेळा बरोबर निघते असंही धरा (हे फार उदारपणे धरलं आहे). मग दोनपैकी सरासरी १.४ दोषी पकडले जातील आणि १२ निर्दोषांपैकी ३.६ जणांवर शिक्का बसेल. म्हणजे तुमच्या ‘संशयित’ पाच जणांत तीन-चार निर्दोष असतील. खरी टक्केवारी यापेक्षा खाली असते, तेव्हा चित्र आणखी वाईट.

आता आधार. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये २४ हजारांहून जास्त लोकांच्या निवाड्यांचा एकत्र हिशेब मांडला. नुसतं ऐकून-बघून खरं-खोटं ओळखण्याचं प्रमाण सरासरी ५४ टक्के निघालं, म्हणजे नाणं उडवण्याच्या किंचित वर. त्याआधी २००३ मध्ये डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी खोटेपणाच्या १५८ खुणा तपासल्या होत्या. बहुतेकांचा खोटं बोलण्याशी संबंध नव्हता किंवा अगदी क्षीण होता. ‘मी’ टाळण्याचा मुद्दा मात्र हवेतला नाही. त्याच वर्षी जेम्स पेनेबेकर यांच्या गटाने संगणकाने शब्द मोजले, तेव्हा खोट्या मजकुरात प्रथमपुरुषी एकवचन कमी आणि नकारात्मक भावनेचे शब्द जास्त आढळले. पण संगणकाचा निवाडा एकंदर ६१ टक्के बरोबर आला, आणि विषय एकच ठेवला तेव्हा ६७ टक्के. ही सरासरी आहे. शेकडो मजकुरांच्या ढिगात दिसणारा कल एका माणसाच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यावर लावता येत नाही.

तुमच्या यादीला ‘स्कॅन’चा, म्हणजे माणसाच्या जबाबातल्या शब्दांवरून खोटं ओळखण्याचा दावा करणाऱ्या तंत्राचा वास आहे. इस्रायली पोलिसांत पॉलिग्राफ तपासनीस असलेल्या अविनोआम सपीर यांनी हे तंत्र विकसित केलं आणि जगभरच्या पोलिसांना शिकवलं. स्वतंत्र चाचण्यांत त्याला आधार मिळालेला नाही.

यादीतल्या दोन मुद्द्यांकडे मुद्दाम बघा: स्वतःला दुरुस्त करणं आणि ‘आठवत नाही’ म्हणणं. स्कॅन याला खोटेपणाची खूण मानतं. जर्मनीत न्यायालयांसाठी वापरली जाणारी आशयावर आधारित निकषपद्धत नेमक्या याच दोन गोष्टी खरेपणाच्या बाजूला धरते. उडो उंडॉइच यांच्या कामावरून सुरू झालेली ही पद्धत मॅक्स स्टेलर आणि ग्युंटर क्योनकेन यांनी १९८९ मध्ये १९ निकषांत बांधली. तर्क असा की रचून बोलणाऱ्याला आपलं बोलणं पक्कं वाटायला हवं असतं, म्हणून तो आपणहून ‘थांबा, बुधवारी नाही, गुरुवारी’ असं म्हणायला बिचकतो. आठवून बोलणाऱ्याला त्याची फिकीर नसते. एकच खूण दोन पद्धतींत उलट अर्थाने वाचली जात असेल, तर त्या खुणेला गुण देण्यात काय राम?

ही जर्मन पद्धतही मूळची लैंगिक अत्याचारातल्या बालसाक्षीदारांसाठी, आणि प्रयोगशाळेत तिचा निवाडा साधारण ७० टक्क्यांच्या आसपास बरोबर येतो. तिच्यातली घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. निकष आढळले तर ते खरेपणाच्या बाजूने मोजायचे, पण आढळले नाहीत म्हणून माणूस खोटा ठरत नाही. कमी बोलणारा हमाल आणि गप्पिष्ट कारकून यांना एकाच तराजूत घातलं की नेहमी हमाल हरतो.

उत्तर २ : क्रियापद

दुसऱ्या प्रश्नावर. यादी मराठीत चालत नाही, आणि का चालत नाही ते एकेका मुद्द्याने बघण्यासारखं आहे, कारण त्यातूनच प्रश्न कुठे विचारायचा हे कळतं.

‘मी’ गाळणे. इंग्रजीत कर्ता गाळला की वाक्य लंगडं होतं, म्हणून ते डोळ्यात भरतं. मराठीत ‘चावी घेतली, शटर उघडलं, पेट्या मोजल्या’ हेच नैसर्गिक बोलणं. दर वाक्यात ‘मी’ घालणारा माणूस उलट पाठ केल्यासारखा वाटेल. पण एक खाच आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. ‘पेट्या मोजल्या’ यात मोजणारा मी, तो, आम्ही, कुणीही असू शकतो. ‘गेलो’मध्ये निदान ‘मी’ किंवा ‘आम्ही’ कळतं, ‘मोजल्या’मध्ये तेही नाही. म्हणून ऐकताना अशा प्रत्येक क्रियापदावर मनात खूण करा आणि नंतर विचारा: ‘मोजल्या कुणी? तुम्ही स्वतः हात लावून, की दुसऱ्याने सांगितलेला आकडा लिहिला?’ साठ्याच्या चौकशीत निम्मा गोंधळ इथेच सापडतो, आणि त्यात बहुतेकदा लबाडी नसते. न मोजता सही करण्याची सवय असते.

कर्मणी. ‘कुलूप लावलं गेलं’ असं बोलताना कुणी म्हणत नाही. लोक म्हणतात ‘कुलूप लावायचं राहिलं’, ‘पेटी फुटली’, ‘चावी तिथेच राहिली’. पेटी फुटली की फोडली, राहिलं की ठेवलं, या जोड्यांत कर्ता आपोआप गळतो. ही रोजची सभ्य बोली आहे. कर्ता हवा असेल तर विचारायचा, गृहीत धरायचा नाही.

आम्ही आणि आपण. ‘आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात’ म्हणणारा माणूस स्वतःबद्दलच बोलतोय. ग्रामीण भागात, विशेषतः वयस्क माणसांच्या तोंडी, एकट्यासाठी ‘आम्ही’ सर्रास येतं. जबाबदारी वाटून घेतोय असा अर्थ काढण्याआधी ‘आम्ही म्हणजे कोण कोण?’ एवढं विचारलं की पुरे.

काळ बदलणे. ‘मी आत जातो, बघतो तर थप्पी निम्मी!’ हा वर्तमानकाळ गोष्ट रंगवण्याचा आहे. आपल्याकडे तोंडी कथनात तो सगळेच वापरतात.

उलट प्रश्न. ‘मी कशाला हात लावू?’ हा मराठीतला पूर्ण वाढलेला नकार आहे. ‘मी घेतलं नाही’पेक्षा तो जास्त जोरकस समजला जातो. ‘आईशप्पथ’, ‘देवाशपथ’ यांचंही तेच. शपथ घेणारा खोटा आणि न घेणारा खरा, असं इथे काही नाही.

आता ज्या गोष्टी मराठीत खरोखर ऐकण्यासारख्या आहेत त्या. या खोटेपणाच्या खुणा नाहीत, खोदायच्या जागा आहेत.

पहिली म्हणजे रीतिकाळ. विचारलं ‘त्या शनिवारी काय झालं?’ आणि उत्तर आलं ‘सहा वाजता शटर ओढतो, कुलूप लावतो, चावी केबिनमध्ये ठेवतो’ किंवा ‘ठेवायचो’. हा माणूस शनिवार सांगत नाहीये, रोजचा रिवाज सांगतोय. कारणं दोन असू शकतात. एक, त्या दिवशी काही वेगळं घडलं आणि ते झाकायचं आहे. दुसरं, आणि हेच जास्त वेळा असतं, तो दिवस इतरांसारखाच गेला आणि मेंदूत त्याची वेगळी नोंदच नाही. दोन्हींत उपाय एकच: त्या दिवसाला धरून आणणारी खूण द्या. ‘त्या दिवशी युरियाचा ट्रक उशिरा आला होता, तिथून सांगा.’

दुसरी ‘म्हणे’. ‘तो म्हणे लवकर गेला.’ ऐकीव आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांची विभागणी बोलणारा स्वतःच करून देतोय. ‘कुणाकडून कळलं?’ हे विचारून पुढच्या माणसाचं नाव मिळतं. तसंच ‘साडेसहा वाजले असतील’ आणि ‘साडेसहा वाजले होते’. पहिला अंदाज, दुसरं ठाम. ठाम वेळ सांगणाऱ्याला ‘कशावरून?’ विचारा. घड्याळ पाहिलं, भोंगा झाला, फोन आला, काहीतरी सांगता आलं पाहिजे.

तिसरी, मध्येच उडी. ‘जेवण झालं, मग थोड्या वेळाने घरी गेलो.’ ‘मग’, ‘नंतर’, ‘तेवढ्यात’ यांच्या पोटात किती वेळ गेला ते मोजा. ‘थोडा वेळ’ कधी पाच मिनिटं असतो, कधी दोन तास.

चौथी, उल्लेख बदलणे. सुरुवातीला ‘गोदामपाल साहेब’, मध्यावर ‘तो’. दोघांत काहीतरी घडलं असण्याची ही खूण असू शकते, चोरीशी त्याचा संबंध असेलच असं नाही. साधं भांडणही असू शकतं.

वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्यांच्या बाबतीत यातलं बरंच बदलतं, तेव्हा पुण्या-नाशिकच्या कानाने त्यांची क्रियापदं वाचू नका.

उत्तर ३ : जुना_दक्षता_विभाग

इतकं मोडीत काढण्याचं कारण नाही. शब्दांवरून केस उलगडल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातलं सुझन स्मिथ प्रकरण घ्या. ऑक्टोबर १९९४. बाईंनी सांगितलं की एका इसमाने गाडीसकट दोन मुलं पळवली. टीव्हीवर बोलताना मुलांबद्दल भूतकाळ वापरला, ‘त्यांना माझी गरज होती’ अशा अर्थाचं. मुलं जिवंत आहेत असं मानणारी आई तसं बोलेल का? पुढे कबुली आली, तिनेच गाडी तलावात सोडली होती. प्रशिक्षणात हे उदाहरण उगाच देत नाहीत.

उत्तर ४ : भाषा_आणि_न्याय

उदाहरण प्रसिद्ध आहे, पण निम्मंच सांगितलं जातं. भूतकाळ वापरणारे पण निर्दोष असलेले पालक किती, हे त्या सत्रांत कुणी मोजून दाखवत नाही. निकाल माहीत झाल्यावर मागे जाऊन शोधलं तर कुठल्याही बोलण्यात ‘खूण’ सापडते.

तपास खरा फिरला तो एका तपशिलावर. बाईंनी सांगितलं होतं की मोनार्क मिल्सच्या चौकात लाल दिव्याला थांबले असताना तो इसम गाडीत घुसला, आणि रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. त्या चौकातला सिग्नल मुख्य रस्त्याला कायम हिरवा असायचा. आडव्या रस्त्यावर गाडी आली तरच तो लाल व्हायचा. दुसरी गाडी नव्हती तर लाल दिवा लागला कसा? ३ नोव्हेंबरला कबुली आली. यात शब्दांची निवड कुठे आहे? तिने सांगितलेला तपासण्याजोगा तपशील आणि सिग्नलची रचना यांची टक्कर आहे. तो तपशील लिहून घेतलेला होता म्हणून टक्कर झाली. (हेही सांगायला हवं की शेवटच्या टप्प्यात शेरीफने तिथे पोलिस टेहळणी चालू होती अशी खोटी थाप मारली. ती युक्ती अंतर्गत चौकशीत अजिबात नको. खोट्या पुराव्याच्या धाकाने खोट्या कबुल्या मिळतात.)

दक्षतावाल्यांना एक मान्य करतो. विधानाचं बारकाईने वाचन केल्याने पुढचे प्रश्न चांगले सुचतात. तेवढ्यापुरतं ते उपयोगी आहे. निवाडा म्हणून नाही.

उत्तर ५ : टेबलापलीकडे

तिसऱ्या प्रश्नाचं कामाचं उत्तर देतो. ब्रिटनमध्ये खोट्या कबुल्यांची प्रकरणं गाजल्यावर १९९२ मध्ये पोलिसांना विचारपुशीची वेगळी पद्धत शिकवायला सुरुवात झाली, तिला ‘पीस’ म्हणतात. तिचा गाभा: कबुली मिळवायची नाही, माहिती मिळवायची. पुढचं सगळं त्याच वळणाचं आहे, तुमच्या गोदामाला बेतून.

बसण्याआधी. कागद आधी गोळा करा: आवक-जावक रजिस्टर, गेटपास, चलनं, पहारेकऱ्याची वही, सीसीटीव्हीचं फुटेज (हे सर्वांत आधी कॉपी करा, बहुतेक यंत्रांत जुन्यावर नवं चढतं), चालकांच्या फेऱ्या. त्यावरून कधी काय झालं याचा एक तारीखवार तक्ता तयार करा आणि तूट नेमकी कोणत्या दोन मोजण्यांच्या मध्ये पडली ते ठरवा. सहा महिन्यांबद्दल विचारलं तर कुणालाच काही सांगता येणार नाही. चलनं आणि थप्पी जुळवून हा काळ आठ-दहा दिवसांवर आणता आला तरच विचारपुशीला अर्थ आहे. तो येत नसेल तर आधी हिशेब करा, माणसं नंतर.

क्रम. ज्यांच्यावर सर्वांत कमी संशय आहे ते आधी. शक्य तितके एकाच दिवशी, आणि झालेल्यांची न झालेल्यांशी गाठ पडणार नाही अशी बसायची सोय. दोघांनी बसावं: एक बोलणारा, एक लिहिणारा. ध्वनिमुद्रण करत असाल तर समोरच्याला सांगून.

पहिला प्रश्न एकच, मोठा. ‘शनिवारी दुपारी कामावर आल्यापासून घरी पोचेपर्यंत काय काय झालं ते सगळं सांगा. मी गोदामात कधी आलोच नाही असं समजा. किरकोळ वाटलं तरी गाळू नका.’ मग गप्प बसा. माणूस थांबला तरी मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक चौकशी अधिकारी तिसऱ्या सेकंदाला पुढचा प्रश्न टाकतात आणि येऊ घातलेला तपशील मारतात. थांबल्यावर फक्त ‘अजून?’ किंवा ‘त्याच्या आधी?’.

या टप्प्यावर तुमच्या तोंडून जो शब्द जाईल तो त्याच्या तोंडून परत येईल. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९७४ च्या प्रयोगात त्याच अपघाताची फिल्म दाखवून गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असं विचारलं तर लोकांनी सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितला, आणि ‘एकमेकींना लागल्या’ तेव्हा असं विचारलं तर ३१.८. तुम्ही ‘पेट्या चोरीला गेल्या तेव्हा’ म्हणालात की पुढे सगळेच ‘चोरी’ म्हणणार, आणि नंतर वाचताना तो त्यांचा शब्द वाटणार. तुम्ही ‘फरक’ म्हणा. तो स्वतःहून ‘चोरी’ म्हणाला तर लिहून ठेवा, पण त्यावर उडी मारू नका. १४ जणांच्या गोदामात बातमी तुमच्या आधी पोचलेली असते.

दुसरी फेरी, विषयवार. आता त्याने सांगितलेल्या कथनाचे तुकडे करा: शटर, चावी, शेवटची गाडी भरणं, निघण्याची वेळ. प्रत्येकावर आधी मोकळा प्रश्न (‘शेवटची गाडी भरली ते नीट सांगा’), मग नेमका (‘किती पेट्या? मोजणारा कोण? चलनावर सही कुणी केली?’), हो-नाहीचा प्रश्न अगदी शेवटी. वर सांगितलेली कर्ता नसलेली क्रियापदं आणि ‘थोड्या वेळाने’च्या उड्या इथे भरून घ्या.

अपेक्षित नसलेले प्रश्न. रचून आलेला माणूस ‘कुठे होतास, किती वाजता, कुणाबरोबर’ याची तयारी करून येतो. जागेची तयारी करत नाही. कागद पुढे करा आणि शेवटची गाडी भरताना कोण कुठे उभं होतं, छोटा हत्ती (लहान टेम्पो) कोणत्या बाजूने लावला होता, पेट्या कोणत्या थप्पीतून निघाल्या ते काढायला सांगा. दोघांनी एकत्र गाडी भरल्याचा दावा असेल तर दोघांकडून वेगवेगळं चित्र घ्या. चित्रकला वाईट असली तरी गाडीचं तोंड कुठे होतं हे जुळतं किंवा जुळत नाही.

तपासण्याजोगा तपशील मागा. गलित नहारी आणि ऑल्डर्ट व्राय यांच्या गटाने २०१४ पासून यावर बरंच काम केलं आहे. खोटं बोलणारा तपशील देतो, पण पडताळता येणार नाही असा: ‘बाहेर चहा प्यायलो, जरा फिरलो.’ खरं सांगणाऱ्याकडे पडताळता येण्यासारखं काहीतरी बहुधा निघतं: ओळखीचा माणूस, फोन, यूपीआयचा व्यवहार, कॅमेरा असलेलं दुकान. म्हणून सरळ सांगून टाका, ‘तुम्ही सांगाल ते मी तपासून बघणार आहे, म्हणून तपासता येईल असं जितकं आठवेल तितकं सांगा.’ याने निर्दोष माणसाचा फायदाच होतो. वहीत तीन रकाने करा: काय सांगितलं, कशावरून तपासायचं, काय निघालं. तुमच्या चौकशीचा निकाल या तिसऱ्या रकान्यात आहे. मात्र घरी एकटा झोपलो होतो, हे खरं असूनही तपासता येत नाही. रिकामा रकाना म्हणजे दोष नव्हे.

पुरावा शेवटी. सर्वांत मोठी चूक इथे होते. चौकशी अधिकारी आत येताच पहारेकऱ्याची वही टेबलावर आपटतो आणि समोरचा वहीला बसेल अशी गोष्ट लगेच जुळवतो. मारिया हार्टविग आणि पेर अँडर्स ग्रानहाग यांच्या गटाने स्वीडनमध्ये २००६ मध्ये पोलिस प्रशिक्षणार्थींवर प्रयोग केला. पुरावा मागे ठेवून विचारायला शिकवलेल्यांनी ८५.४ टक्के वेळा बरोबर ओळखलं, न शिकवलेल्यांनी ५६.१. हा बनावट चोरीचा प्रयोग होता, तुमच्या गोदामात तितकं यश येणार नाही, पण दिशा पक्की आहे.

समजा पहारेकऱ्याच्या वहीत शनिवारी रात्री ९.४० ला एका कारकुनाच्या मोटरसायकलची नोंद आहे. आधी मोकळं कथन. मग वाटा बंद करणारे प्रश्न, आरोपाचा सूर न ठेवता: ‘निघाल्यावर परत येणं झालं का?’, ‘तुमची गाडी दुसरं कुणी वापरतं का?’, ‘त्या दिवशी कुणाला दिली होती?’ तिन्हींची उत्तरं लिहून झाल्यावर आधी ढोबळ: ‘त्या रात्री तुम्ही गेटवर आल्याची माहिती आहे, काय सांगाल?’ शेवटी नेमकी नोंद. निर्दोष माणूस बहुधा पहिल्याच प्रश्नाला ‘हो, डबा विसरलो होतो’ असं सांगून मोकळा होतो. विसंगती दिसली तरी ती पकडल्याचा आनंद चेहऱ्यावर आणू नका. ‘हे दोन जुळत नाहीत, मला समजावून सांगा’ एवढंच.

काय निकामी आहे. तीच गोष्ट तीनदा विचारून फरक शोधणं. खरं आठवणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, काही गळतं, काही नवं आठवतं. रचलेलं सांगणारा तेच तेच घोकतो. तुम्ही फरकाला खोटेपणा मानलात तर घोकणारा सुटेल.

साठा_रजिस्टर

फार उपयोग झाला, सर्वांचे आभार. दोन शंका. जबाब लिहायचा कसा, म्हणजे आमचा लिहिणारा ‘मी वरील ठिकाणी राहण्यास असून...’ अशा साच्यात लिहितो. आणि अहवालात ‘बोलण्यावरून संशयास्पद’ असं म्हणता येईल का? चार हमाल हिंदी बोलणारे आहेत, त्यांचं काय?

उत्तर ६ : वकिली_कागद

तो साचा बंद करा. ‘सदर इसमाने’, ‘मजकूर ठिकाणी’ हे शब्द लिहिणाऱ्याचे आहेत, बोलणाऱ्याचे नाहीत. असा जबाब पुढे कुणी शब्दांवरून वाचायला घेतला तर तो कारकुनाच्या शैलीचं विश्लेषण करेल. प्रश्न आणि उत्तर, दोन्ही जसेच्या तसे लिहा: ‘प्र. मोजल्या कुणी? उ. मोजल्या नाही, चलनावरचा आकडा घातला.’ अडखळणं, दुरुस्ती, ‘थांबा थांबा’ हेही लिहा. मुद्रणावरून आपोआप मजकूर करणारी अॅप वापरत असाल तर नंतर कानाने ताडून बघा. ती पुनरुक्ती गाळतात आणि वाक्य नीटनेटकं करतात, बोलीभाषेचं तर विचारूच नका. शेवटी वाचून दाखवा, दुरुस्त्या त्याच्या सहीने घ्या आणि त्याच्या भाषेत ‘वाचून पाहिलं, बरोबर आहे’ असं त्याच्याकडूनच लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर वाचून दाखवल्याची नोंद, अंगठा आणि साक्षीदाराची सही.

अहवालात ‘बोलण्यावरून संशयास्पद’ लिहू नका. पुढे आरोपपत्र देऊन विभागीय चौकशी झाली तर तिथे संभाव्यतेचा समतोल (घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त) पुरतो, फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. पण तिथेही पुरावा लागतोच, चौकशी अधिकाऱ्याचं मत हा पुरावा नाही. प्राथमिक चौकशीतल्या जबाबावर विसंबायचं असेल तर त्याची प्रत कर्मचाऱ्याला द्यावी लागते आणि जबाब देणाऱ्याला उलटतपासणीसाठी उभं करावं लागतं. ‘याने तीनदा खरं सांगायचं तर म्हटलं’ हे वाक्य उलटतपासणीत एक मिनिट टिकणार नाही. ‘याने परत आलो नाही असं सांगितलं, वहीत ९.४० ची नोंद आहे, खुलासा देता आला नाही’ हे टिकेल.

कबुली आलीच तर धमकी, आमिष किंवा ‘कबूल कर, नोकरी वाचवतो’ असलं काही बोललेलं नसावं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २२ खाली अशी कबुली फौजदारी खटल्यात निरुपयोगी ठरू शकते. पॉलिग्राफ, नार्को वगैरेंचा विचार कुणी सुचवला तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा सेल्वी निकाल दाखवा: संमतीविना या चाचण्या करता येत नाहीत.

उत्तर ७ : क्रियापद

हिंदीवाल्या चौघांबद्दल. त्यांना हिंदीतच बोलू द्या आणि जबाब हिंदीतच लिहा, मराठीत उतरवून नाही. दुसऱ्या भाषेत बोलणारा सावकाश बोलतो, शब्द शोधतो, लहान वाक्यं करतो, आणि ऐकणाऱ्याला तेच लपवाछपवीसारखं वाटतं. त्यांच्यातल्या भोजपुरी किंवा मैथिली बोलणाऱ्यांना हिंदीही घरची नाही हे लक्षात ठेवा. दुभाष्या लागला तर त्याच १४ जणांतला नको, मुकादम तर मुळीच नको. दुभाष्याला आधी बजावून ठेवा की ‘हा म्हणतो की’ असं सांगायचं नाही, तो बोलला तसंच प्रथमपुरुषात सांगायचं, आणि उत्तर लांबलं तर मध्येच थांबवून तुकड्यातुकड्याने. चित्र काढायला सांगण्याचा उपाय या चौघांसाठी सर्वांत आधी वापरा, त्यात भाषा फारशी आड येत नाही.